तेलाचा हलका हात

गडमुडशिंगी, ता. करवीर, जि. कोल्हापूर
दि. ८ जुलै २०२४

श्री. विजयसिंह आकाराम रेडेकर, नागपूर यांस,

विषय : संगणकाचा भाग वॉरंटीत पाठविल्याबाबत.

आपण आपली कन्या कु. तेजस्वी हिच्यासाठी स्वतः जोडून पाठविलेल्या संगणकाचा मदरबोर्ड नावाचा भाग दि. २८ जूनपासून बंद आहे, हे तिने आपणांस फोनवर कळविलेच असेल. तो वॉरंटीत असल्याने मुंबईच्या सेवा केंद्रात पाठवावा, असे आपण तिला सांगितल्याचे समजते. त्याप्रमाणे तो आज सकाळी साडेअकरा वाजता कुरिअरने रवाना झाला. पॅकिंग मी स्वतः केले.

एकोणीस वर्षांत आपणांस पत्र लिहिण्याचा प्रसंग आला नाही. आजही आला नसता. परंतु माल कसा बांधला हे मालाच्या मालकास लेखी कळवावे, असा आमच्या डिस्पॅच खात्याचा नियम होता, आणि त्या भागाची पावती आपल्या नावे आहे.

तेजस्वी कॉलेजला गेली असता मी काम उरकले. जाताना ती म्हणाली होती, "आजोबा, कंपनीच्याच खोक्यात घालायचं आणि चिकटपट्टी लावायची. बास." तो खोका पुठ्ठ्याचा आहे. पुठ्ठ्यावर विश्वास ठेवून मुंबईला माल धाडणे मला पटले नाही. मी फळ्यांची पेटी केली, कोपऱ्यांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या, आत फोमचे दोन थर घातले आणि वर कोणती बाजू ठेवावी हे कळण्यासाठी चारी बाजूंस बाण काढले.

त्या भागाच्या मध्यावर एक चौकोन असून त्यावर काळ्या प्लास्टिकची टोपी असते. ती उचलून पाहिली, तो आत केसाएवढ्या बारीक सोनेरी टाचण्या दाटीने उभ्या होत्या. हवा जुलैची. धातूची अशी उघडी वस्तू दमट दिवसांत प्रवासाला पाठविणे माझ्या हातून होणे नाही. मशीनवर कातलेल्या मालाला गंज धरू नये म्हणून कारखान्यात जे आरपी तेल लावीत, त्याची एक बाटली मी जपून ठेवली आहे. मऊ ब्रशाने त्या टाचण्यांवरून तेलाचा हलका हात फिरविला, टोपी बसविली, तेलकागद गुंडाळला आणि मग खिळे ठोकले. तेल आपल्या परिचयाचे आहे.

एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या खात्यातून गेलेला माल परत आला नाही. एकदा आला. तो विषय सन २००५ मध्ये संपलेला असल्याने येथे लिहीत नाही.

पेटी नेण्यास कुरिअरचा आदर्श नावाचा इसम आला होता. गाडीत ठेवताना त्याने बाण खाली केला. मी सांगितल्यावर सरळ केला. याची नोंद असावी.

तेजस्वीचे जेवणखाण व्यवस्थित आहे. प्रवेशाच्या अर्जात कोल्हापूरचे नाव तिने स्वतःहून लिहिले असे ती सांगते. आम्ही तिला कारण विचारलेले नाही. आपल्या मातोश्रींची प्रकृती ठीक आहे.

आ. बा. रेडेकर
निवृत्त डिस्पॅच सुपरवायझर


दि. २२ जुलै २०२४

चि. विजयसिंह यास आशीर्वाद.

विषय : वॉरंटी नाकारल्याबाबत.

मागील पत्र टाकण्यास देताना तेजस्वीने ते तुझ्या आईला वाचून दाखविले. तुझी आई मला म्हणाली, "पोटच्या पोराला आपण म्हणतायसा? त्यो काय तहसीलदार लागून गेलाय व्हय?" लिहिलेले खोडण्याची मला सवय नाही, म्हणून ते तसेच गेले. या पत्रात सुधारणा केली आहे.

परवा कंपनीचे उत्तर तेजस्वीच्या फोनवर आले. इंग्रजीत असल्याने तिने अर्थ सांगितला : सॉकेटच्या, म्हणजे त्या मधल्या चौकोनाच्या, टाचण्या वाकल्या आहेत, हे वाहतुकीतले नुकसान आहे, अशा नुकसानीस वॉरंटी लागू नाही, भाग दुरुस्त न करता परत पाठवीत आहोत. एवढे सांगून तिने फोन पालथा ठेवला आणि मला चहा हवा का असे विचारले. मी दुपारी चहा घेत नाही, हे तिला एक वर्षापासून ठाऊक आहे. नंतर ती गच्चीवर जाऊन बराच वेळ तुझ्याशी बोलत होती. मी ऐकले नाही.

वाहतुकीत नुकसान म्हणजे कुरिअरकडे नुकसान, हे उघड आहे. मी आज त्यांच्या शाहूपुरीतील कार्यालयात गेलो. तेथील प्रमुख शांतिनाथ मगदूम हे सभ्य गृहस्थ आहेत, परंतु बोलण्यात फार मोकळे. त्यांचे व माझे जे बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

"आण्णा, पेटी फुटली हाय का?"

"पेटी मी केलेली आहे. ती फुटत नाही."

"मग आतलं कसं मोडलं? पेटी न उघडता आमी आत हात घातला व्हय?"

"तुमच्या माणसाने बाण खाली केला."

"अवो, बाण खाली केला म्हणून टाचण्या वाकत्यात व्हय? टाचण्या हायत का वांगी?"

मी लेखी तक्रारीचा कागद मागितला. त्यांनी तो दिला, पण हातातून लवकर सोडला नाही. म्हणाले, "तुमी तोंडी बोललासा तेवढ्यावरच वरच्या हापिसानं आदर्शाला गाडीवरनं उतरवून हितं लेबलं चिकटवाय बसवलंय. ह्याच्यावर सही झाली की त्यो घरी गेला. ईचारत बी न्हाईत. सात-आठ म्हयन्याचं लेकरू हाय त्याच्या घरात. आता बघा तुमचं तुमी."

कागद मी घरी आणला आहे. कंपनीचे उत्तर छापून घेऊन त्यास जोडावयाचे आहे. आठवड्याभरात देईन.

सही करण्यास मी कचरत नाही, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? पंपाच्या बॉडींच्या चाळीस पेट्या गंजून परत आल्या तेव्हा अहवालात "पॅकरचा निष्काळजीपणा" असे लिहून मी सही केली. पॅकर माझा मुलगा होता, तरी हात आखडला नाही. तुझी नोकरी गेली आणि तू बिऱ्हाड घेऊन निघून गेलास. तेजस्वी तेव्हा सात महिन्यांची होती. गावातले लोक आजही कट्ट्यावर नव्या माणसाला सांगतात, ह्यांनी पोरालासुद्धा सोडलं नाही.

तुझ्या आईने विचारले आहे की नागपूरला पाऊस कसा आहे. इकडे पंचगंगा वाढते आहे.

तुझा वडील,
आ. बा. रेडेकर


दि. ३० जुलै २०२४

चि. विजयसिंह यास आशीर्वाद.

आज विषय लिहीत नाही.

मदरबोर्ड काल परत आला. पेटीस कोठेही ओरखडा नाही. आज सकाळी गावातील झेरॉक्सच्या दुकानात कंपनीचे उत्तर छापून घेतले आणि तक्रारीच्या कागदासह शाहूपुरीत गेलो. आदर्श काउंटरच्या कडेस बसून पाकिटांना लेबले लावीत होता. त्याने उठून मला खुर्ची दिली.

शांतिनाथ यांनी चष्मा चढवून उत्तर वाचले. एकदा वाचून पुन्हा वाचले. मग म्हणाले,

"आण्णा, हे कुणी वाचून दावलं तुमास्नी?"

"नातीने."

"अर्धंच दावलंय तिनं. खाली अजून लिवलंय की." आणि त्यांनी बोट ठेवून मराठीत सांगितले : सॉकेटमध्ये तेलकट पदार्थ आढळला. टाचण्या एकाच दिशेला वाकलेल्या असून बंद करण्यापूर्वी त्यांवरून ब्रशासारखी वस्तू फिरविली असावी. वाहतुकीसाठी बांधताना झालेल्या अशा नुकसानीस पाठविणारा जबाबदार आहे.

नंतर त्यांनी खरोखर विचारात पडून विचारले, "तेल कुटनं आलं पर? आमच्याकडं लई झालं तर चहा सांडतोय."

तेव्हा आदर्श लेबल लावता लावता म्हणाला, "जाऊ द्या की सायेब. बाण मी खाली केलताच आदी. आण्णांनी दावलं म्हणून सरळ केला. माझं बी चुकलंच हाय."

मी तक्रारीचा कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि बसने घरी आलो. तेथे मी काहीही बोललो नाही. बोललो नाही, म्हणूनच हे तुला लिहितो आहे.

तेजस्वी स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसली होती. मी विचारले, "तुला ठाऊक होते?"

ती म्हणाली, "हो."

"केव्हापासून?"

"तुमचं पहिलं पत्र बाबांना मिळालं त्या दिवसापासून. कंपनीचं उत्तर यायच्याही आधी. त्यांनी ते वाचलं आणि लगेच फोन केला. म्हणाले, बोर्ड गेला. त्या टाचण्यांना बोटसुद्धा लावायचं नसतं. म्हणाले, आण्णांना तेलाचं कळू देऊ नकोस. कंपनी परत पाठवेल तेव्हा वाहतुकीत झालं म्हणून सांग. मी दुसरा पाठवतो."

तुझी आई मागून म्हणाली, "कुटलं तेल? कपाटावरल्या बाटलीतलं? माझ्या अडकित्त्याला बी तेच लावून ठेवलंय ह्यांनी. सुपारीला वास मारतोय चार वरसं झाली."

मी तेजस्वीला विचारले, "आणि कुरिअरचा माणूस? त्याची नोकरी जाणार होती, त्याचे काय?"

"तुम्ही फॉर्म आणलाय हे मला परवा कळलं, आजोबा. मी घाबरले. बाबांना फोन केला, म्हटलं, आता सांगून टाकूया."

"मग?"

"बाबा म्हणाले, एक दिवस थांब. या वेळी आण्णा सही करणार नाहीत."

विजयसिंह, तू हे म्हणालास तेव्हा तो कागद भरून तयार होता. तारीखसुद्धा घातलेली होती. केवळ सहीची जागा मी शांतिनाथ यांच्यासमोर करण्यासाठी मोकळी ठेवली होती. माझ्याविषयी तुझा जो समज होता तो बरोबर नव्हता, हे तुला कळविणे मला भाग आहे.

आ. बा. रेडेकर


दि. ५ ऑगस्ट २०२४

चि. विजू यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहिण्यास पाच दिवस लागले. चार कागद फाडले. तुझ्या आईने विचारले, "काय लिवतायसा एवढं? सातबारा लिवतायसा काय?" मी सांगितले, होय.

प्रथम, दि. ३१ रोजी मी पुन्हा शाहूपुरीत गेलो. दुसरा कोरा कागद मागितला आणि त्यावर असे लिहून दिले : "पेटीतील भागाचे नुकसान माझ्या पॅकिंगमुळे झाले. मी त्यास तेल लावले. आदर्श यांचा किंवा कुरिअरचा दोष नाही. तोंडी तक्रार मागे घेतो." खाली सही केली. शांतिनाथ म्हणाले, "आण्णा, तक्रार करायला रांग लागतीया हितं. मागं घ्यायला कोन येत न्हाई. ह्याचा फॉर्मच न्हाई आमच्याकडं." मी म्हणालो, साध्या कागदावर चालेल. आदर्श शनिवारपासून पुन्हा गाडीवर आहे. आरपी तेलाची बाटली मी त्याला दिली. गाडीच्या दाराचे बिजागर करकरते म्हणाला.

त्या कागदावर सही करून मी उठलो आणि पुन्हा खुर्चीत बसलो. शांतिनाथ यांनी पाणी दिले. एवढीशी गोष्ट मी एकोणीस वर्षांपूर्वी का करू शकलो नाही, याचा मी तेथे बसून विचार केला. ती गोष्ट आता लिहितो. तुला ती ठाऊक आहे. परंतु मला ठाऊक आहे हे तुला ठाऊक असावे.

ऑगस्ट २००५. महामार्गावर पाणी चढत होते, ट्रक फाटकाशी उभा होता आणि ड्रायव्हर आता गेलो तर गेलो म्हणत होता. चाळीस पेट्या उघड्या होत्या. तू माझ्याकडे येऊन म्हणालास, "आण्णा, तेल लावायचं राहिलंय. अर्धा तास द्या." मी म्हणालो, "ठोक खिळे."

दोन शब्द. तू खिळे ठोकलेस.

माल पाण्यामुळे वाटेत अडकला आणि गंजून परत आला. साहेबांनी खोलीत बोलाविले. तू दाराशी उभा होतास. साहेबांनी विचारले, तेल का लावले नाही? तू काही बोलला नाहीस. इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आलो की दोष होता म्हणून तू गप्प राहिलास. ते खरे नाही. तू माझ्या तोंडाकडे पाहत होतास. ते दोन शब्द मी सांगेन, म्हणून तू वाट पाहत होतास. मी कागदाकडे पाहत होतो.

चौथी पास माणसाला त्या कारखान्याने सुपरवायझर केले होते. माझ्या खात्यातून माल परत येत नाही, ही माझी एकच पदवी होती. ती राखण्यासाठी मी तुला खर्ची घातले. आणि वर लोकांनी मला न्यायी म्हटले, तेही घेतले.

त्या दिवसापासून मी एकही धातूची वस्तू तेलाशिवाय बंद केलेली नाही. कुलपे, विळ्या, तुझ्या आईचा अडकित्ता, शेजाऱ्यांच्या मोटारीचे सुटे भाग, सर्वांना लावले. आज उमगते की ते तेल मी त्या चाळीस पेट्यांनाच लावीत होतो. शेवटी ते तुझ्या मदरबोर्डाला लागले, आणि जेथे लावू नये नेमके तेथे लागले.

शुक्रवारी मी कारखान्यात गेलो होतो. साहेब वारले. २००५ च्या वह्या कोणाकडे नाहीत. तेथील मुलीने मला बसविले, चहा दिला आणि काय काम होते असे विचारले. अहवालात दुरुस्ती करावयाची आहे, असे म्हणालो. ती म्हणाली, "आजोबा, कसला अहवाल?" दुरुस्ती करण्यासारखे तेथे काही उरलेले नाही. म्हणून ती मी स्वतंत्र कागदावर लिहून, दोन्ही शब्दांसह, या पत्रासोबत जोडली आहे. एक प्रत तुझ्यासाठी. दुसरी मी काल कट्ट्यावर वाचून दाखविली. नंतर एकजण म्हणाला, "म्हातारपणी कशाला उकरतोयस आकाराम?" मी म्हणालो, तरुणपणी पुरले म्हणून.

तू संगणक पाठविलास तेव्हाची एक गोष्ट राहिली. ते खोके आले त्या दिवशी तेजस्वी घरात नसताना मी तुझे पॅकिंग तपासले होते. पट्टीने कोपरे मोजले. चूक काढण्याच्या हेतूनेच तपासले. एकही सापडली नाही. खोक्याचा पुठ्ठा अजून ठेवला आहे.

सौ. सूनबाईस आशीर्वाद. तिच्यापुढे मी कोणत्या तोंडाने उभा राहू, हे मला सुचलेले नाही. सुचल्यावर लिहीन.

तुझा,
आण्णा


दि. १२ ऑगस्ट २०२४

चि. विजू यास अनेक आशीर्वाद.

तुझा दुसरा मदरबोर्ड काल पोहोचला. आदर्शनेच आणून दिला. दोन्ही हातांनी धरून, बाण वर ठेवून, आणि उंबऱ्यातच मला म्हणाला, "आण्णा, बाण बघा. न्हाईतर परत कागद मागशीला." तुझ्या आईने त्याला आत बोलावून पोहे खाऊ घातले. बाळाचे नाव विचारून घेतले.

खोके मी उघडलेले नाही. चिकटपट्टी किती सरळ लावली आहेस. ते कपाटावर, जेथे बाटली असे तेथे ठेवले आहे.

शांतिनाथ यांच्या ओळखीचा एक मनुष्य हे बसवून देतो, असे त्यांनी कळविले होते. मी नको म्हणालो. तेजस्वी म्हणाली, "मी बसवते की. दहा मिनिटांचं काम आहे, बाबांनी शिकवलंय मला." त्यावर तुझ्या आईचे व तिचे पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

"तुला येत न्हाई."

"आजी, येतं मला."

"न्हाई येत म्हटलं न्हवं?"

तेजस्वीने आजीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "नाही येत." तेव्हापासून ती मैत्रिणीकडे जाऊन अभ्यास करते आहे. तिचा प्रकल्प २६ तारखेस द्यावयाचा असल्याने ही गोष्ट फार दिवस चालविता येणार नाही, असे तिने मला बाजूस घेऊन सांगितले आहे.

तू ये, असे म्हणण्याचा अधिकार माझ्याकडे शिल्लक आहे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. शिल्लक नसावा. तरी तुझ्या आईकडे तो आहे, आणि तिने मला असे लिहावयास सांगितले आहे की, शिरा करते, पण तो गार व्हायच्या आत ये.

कोणत्याही गाडीने ये. कळविलेस तर मी स्टेशनावर असेन. न कळविता आलास तर दार उघडेच असते. बिजागर मात्र आता वाजते, कारण तेलाची बाटली आदर्शला देऊन टाकली आहे.

खोके तू उघड. मी शेजारी उभा राहीन. काळी टोपी तुझ्याच हाताने काढ. मी माझे दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवीन.

तुझा,
आण्णा